मुलीच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात खूण करायची?

कोथरूडच्या एका आईचा हा प्रश्न आहे. त्यांचे यजमान जॉर्जियातले कृष्णवर्णीय अमेरिकन. नोकरीनिमित्त पुण्यात आले, इथेच लग्न झालं, मुलगी आता नऊ वर्षांची आहे. येत्या उन्हाळ्यात सगळे अटलांटाला जाणार आहेत. तिथल्या शाळेच्या प्रवेशअर्जात मुलीची 'रेस' विचारली आहे. यजमान म्हणतात, 'ब्लॅक'वर खूण कर आणि विषय संपव. आई विचारते, मग मी कुठे गेले? आजींचं म्हणणं, पोर घरात मराठी बोलते, आपलीच आहे, मराठीच लिहा. शिवाय पुण्यात सोसायटीत, रिक्षात, लग्नकार्यात एक प्रश्न ठरलेलाच: "ही कुठली?" शेवटी त्यांनी विचारलंय, शास्त्राच्या दृष्टीने हिचा वंश कोणता, आणि आम्हा तिघांपैकी बरोबर कोण?

मी बरीच वर्षं मानवशास्त्र शिकवते आहे आणि अशी घरं माझ्याकडे सल्ल्यासाठी येत असतात. आधी सरळ उत्तर देते. 'ब्लॅक' आणि 'एशियन' या दोन्ही रकान्यांवर खूण करा. मात्र यजमान चुकीचं बोलतायत असं समजू नका, आणि शास्त्राने तुमचा निकाल लावला असंही समजू नका. तुम्ही तिघं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. फॉर्मवरचा रकाना मूल कोण आहे हे सांगायला आखलेला नसतो. कुणाला काय मिळावं आणि कुणाला काय मिळू नये, हे ठरवायच्या गरजेतून तो जन्माला येतो. त्यामुळे कुठलाही रकाना दिसला की तो कुणी आखला, कधी आखला आणि कशाच्या वाटपासाठी आखला, हे विचारायचं.

शास्त्राचा भाग थोडक्यात सांगते. १९७२ साली अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांवरून हिशेब मांडला. माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतो, आणि ज्यांना आपण वेगळे 'वंश' म्हणतो त्यांच्यातला फरक जेमतेम ६ टक्के भरतो. पुढे डीएनए थेट वाचता येऊ लागला तरी हे ढोबळ चित्र टिकलं. भूगोलाप्रमाणे फरक असतातच, म्हणून तर डीएनएवरून पूर्वज कुठल्या खंडातले याचा अंदाज बांधता येतो. पण ते फरक हळूहळू बदलत जातात, आणि रेघ कुठे मारायची हे निसर्ग सांगत नाही. ती माणसं मारतात.

आणि तुमच्या मुलीत दोन 'शुद्ध' गोष्टी एकत्र आल्या, ही कल्पना तर आधी सोडा. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या डीएनएत सरासरी पाव हिस्सा युरोपीय असतो. तो तिथे कसा आला, हे गुलामगिरीचा इतिहास वाचलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तुमच्या माहेरचं म्हणाल, तर २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले आणि अमेरिकेतले संशोधक अशा निष्कर्षाला आले की भारतातल्या जवळजवळ सगळ्या समूहांत दोन प्राचीन लोकसमूहांचं मिश्रण आहे. हे मिश्रण साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात जोरात चाललं होतं. नंतर जातीतल्या जातीत लग्नांची कुंपणं घट्ट झाली. म्हणजे मुलीचे आई आणि वडील दोघंही मिश्रच. पण त्यांचं मिश्रण जुनं आहे आणि समाजाला ते मोजायची गरज वाटत नाही, म्हणून ते डोळ्यांत येत नाही.

पुण्याच्या माणसांना हे नवीन वाटू नये. वंश मोजण्याच्या शास्त्राला आतून उत्तर देणारं फार मोठं काम याच गावात झालं आहे.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा नाकावर फार भरवसा होता. नाकाची रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर, हा त्यांचा निर्देशांक. नाक जितकं अरुंद तितकी जात वरची, असा नियमच त्यांनी मांडला. त्यांच्या वर्गीकरणात मराठी ब्राह्मण आणि कुणबी हे 'सिथो-द्रविड' गटात बसवलेले आहेत, म्हणजे शक आणि द्रविड यांच्या मिश्रणातून झालेला वंश. मुलीच्या आजींना हे जरूर सांगा. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी दप्तरात त्यांची आजी-पणजीही 'मिश्र' वंशातच बसवली गेली होती. त्या वेळी कुणी त्यांना रस्त्यात थांबवून "तुम्ही कुठल्या?" असं विचारलं नाही, एवढाच फरक.

मग मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे. विसाव्या शतकाच्या विशीत त्या पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर. हे फिशर १९०८ साली आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, रेहोबोथ नावाच्या वस्तीत गेले होते. तिथे बोअर (डच वंशाचे वसाहतवाले) पुरुष आणि खोई (तिथल्या मूळ रहिवासी) स्त्रिया यांच्या वंशजांची त्यांनी मापं घेतली आणि १९१३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या वसाहतीत मिश्र विवाहांवर १९०५ मध्येच बंदी आली होती, आणि फिशरांच्या पुस्तकाने तसल्या बंद्यांना शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. असा माणूस एका मराठी मुलीला कवट्या मोजायला देतो. अपेक्षित निष्कर्ष असा की युरोपीय कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जास्त फरक असेल आणि त्यातून युरोपीयांची श्रेष्ठ बुद्धी सिद्ध होईल. इरावतीबाईंनी मोजमाप चोख केलं आणि लिहिलं की कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून आहे त्याच्या मताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत हे लिहायला काय लागत असेल याचा मी अनेकदा विचार करते. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. १९३७ साली जर्मन आया आणि फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी सैनिक यांच्या सुमारे ४०० मुलांची सक्तीने नसबंदी झाली. त्या मुलांची तपासणी करणाऱ्यांत फिशरांच्या संस्थेतले लोक होते. तुमच्या मुलीसारखीच मुलं होती ती.

इरावतीबाई १९३९ पासून डेक्कन कॉलेजात होत्या आणि तिथून त्यांनी महाराष्ट्रभर मापं घेतली. माझ्या विद्यार्थ्यांना मी डोकं मोजायचा तो कॅलिपर हातात घ्यायला लावते. दोन वाकड्या भुजा, टोकांना छोट्या गोळ्या. एक गोळी दोन भुवयांच्या मध्ये टेकवायची आणि दुसरी डोक्याच्या मागच्या बाजूवरून हळूहळू सरकवत सगळ्यात लांबचा बिंदू शोधायचा. मग कानांच्या वर, दोन्ही बाजूंनी रुंदी. रुंदी भागिले लांबी गुणिले शंभर. अर्धा वर्ग मोजून झाला की आकडे फळ्यावर लिहितो. कुठल्या आडनावाचा कुठला आकडा हे कुणालाही ओळखता येत नाही. सख्ख्या बहिणींचे आकडे लांब पडतात आणि कधी एकमेकींना न ओळखणाऱ्या मुलींचे अगदी जुळतात. १९६८ साली इरावतीबाई आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना प्रसिद्ध केली. एका मुळातून फुटून या पोटजाती झाल्या असतील, असं त्या मापांतून दिसेना. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा दुसऱ्या टोकाने १९३६ सालीच मांडला होता: पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार एकाच वंशाचे, मद्रासमधला ब्राह्मण आणि मद्रासमधला परैयार एकाच वंशाचे. जातीची भिंत वंशातून आलेली नाही. भिंत आधी घातली गेली आणि वंशाची गोष्ट नंतर रचली गेली.

आता तुमच्या यजमानांकडे येते, कारण त्यांचं म्हणणं मला सगळ्यात वजनदार वाटतं.

१६६२ साली व्हर्जिनियाच्या वसाहतीत एक कायदा झाला. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्लंडच्या रूढीप्रमाणे मूल बापाकडून ओळखलं जायचं, मग इथे उलट का? कारण मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेलं मूल बापाचं धरलं असतं तर ते स्वतंत्र झालं असतं, वारसा मागू शकलं असतं. आईचं धरलं की तेच मूल मालकाची मालमत्ता. पुढे गुलामगिरी गेली, पण रेघ आणखी कडक झाली. १९२४ च्या व्हर्जिनियातल्या कायद्याने गोऱ्या माणसात कृष्णवर्णीय रक्ताचा अंशही चालेनासा झाला, आणि १९३० च्या जनगणनेत प्रगणकांना सूचना होती की निग्रो रक्त कितीही थोडं असलं तरी माणूस निग्रोच लिहायचा. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नावरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने देशभर उठवली ती थेट १९६७ मध्ये. त्या साली जन्मलेली माणसं अजून साठीचीही झालेली नाहीत.

या रेघेच्या पलीकडे ज्यांना ढकललं, त्यांनी मात्र एक गोष्ट केली. उजळ, सावळं, सरळ केसांचं, कुरळ्या केसांचं, जे जे मूल रेघेपलीकडे आलं ते त्यांनी आपलं म्हटलं. चर्च, शाळा, कॉलेजं, नागरी हक्कांचा लढा, सगळं त्यातून उभं राहिलं. बराक ओबामांची आई गोरी, वडील केनियाचे. २०१० च्या जनगणनेत एकापेक्षा जास्त खुणा करायची मुभा असताना त्यांनी एकच खूण केली, कृष्णवर्णीय. तुमचे यजमान 'ब्लॅक' म्हणतात तेव्हा ते तुम्हाला पुसून टाकत नाहीयेत. रस्त्यावर पोलिसाने गाडी थांबवली तर तो मुलीच्या आईचं माहेर विचारणार नाही, हे त्यांना ठाऊक आहे. आणि आपल्या मुलीला ते ज्या घरात नेऊ पाहतायत, त्या घराने आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही. हे त्यांच्याकडूनच एकदा निवांत ऐका.

तुमचं स्वतःचं म्हणाल, तर अमेरिकेत तुमचा रकाना किती वेळा बदललाय ते पाहा. १९२३ साली भगतसिंग थिंड या पंजाबी माणसाच्या नागरिकत्वाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस गोरा नाही. थिंड यांनी आपण आर्य आहोत आणि जातीबाहेर लग्नं होत नसल्याने आपलं रक्त शुद्ध आहे, असा बचाव केला होता. न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवलं आणि सामान्य गोऱ्या माणसाची समजूत प्रमाण मानली. १९२० ते १९४० च्या जनगणनांत 'हिंदू' हा चक्क वंशाचा रकाना होता. थिंड शीख होते, तरी रकाना तोच. १९७० मध्ये भारतीयांना गोऱ्यांत मोजलं आणि १९८० पासून 'एशियन इंडियन' आलं. पन्नास-साठ वर्षांत वंशाचे तीन वेगळे रकाने झाले, आणि माणसं तीच होती.

आपल्याकडच्या कायद्यात तर बापाकडूनच मोजायची पद्धत. राज्यघटनेच्या ३६६ व्या कलमात अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे: पितृकुळातला कुणी पुरुष युरोपीय असला पाहिजे. म्हणजे इंग्रज बाप आणि पुण्याची आई यांचं मूल अँग्लो-इंडियन, पण इंग्रज आई आणि पुण्याचा बाप यांचं मूल नाही. दोन्ही मुलांत मिश्रण अगदी सारखंच. हा शब्द सरकारी कागदावर १९११ च्या जनगणनेत आला. त्याआधी १७९१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आई भारतीय असलेल्यांना आपल्या नोकऱ्यांतून वगळलं होतं आणि नंतर रेल्वे-तारखात्यात याच लोकांना जागा दिल्या. पुणे कॅम्पात ज्यांचं बालपण गेलंय त्यांना ही कुटुंबं माहीत आहेत. लोकसभेतल्या त्यांच्या दोन नियुक्त जागा जानेवारी २०२० मध्ये संपल्या. वर्ग असा कागदावर येतो आणि कागदावरूनच विरतो. आपल्या आंतरजातीय लग्नांतही हेच घडतं: मुलाला बापाची जात लागते असं गृहीत धरलं जायचं, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते गृहीतक अंतिम नाही, मूल आईच्या समाजात वाढलं, तिथले भोग त्याच्या वाट्याला आले, तर तसा पुरावा देता येतो. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. रक्तापेक्षा वाढ पाहिली त्यांनी.

तुमचीच मुलगी १९७० साली केपटाऊनला असती तर 'कलर्ड' ठरली असती. तिथे १९५० च्या कायद्याने प्रत्येकाची वंशनोंद होत असे, आणि शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून बघत. पेन्सिल खाली पडली तर गोरा, अडकली तर नाही. एकाच घरातल्या भावंडांना वेगळे शिक्के मिळाले आणि त्यावर वस्ती, शाळा, लग्न सगळं ठरलं. ब्राझीलमध्ये ती 'पार्दा' झाली असती, तपकिरी. २०२२ च्या तिथल्या जनगणनेत हाच गट सगळ्यात मोठा निघाला, ४५ टक्के. मॉरिशसमध्ये तर आणखी वेगळं. तिथल्या १९६८ च्या संविधानात हिंदू, मुस्लीम आणि चिनी हे तीन समाज, आणि ज्याच्या राहणीवरून तो या तिघांतला वाटत नाही तो 'जनरल पॉप्युलेशन'. तिथे आपली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांच्यातली मुलगी क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या मिश्र समाजातल्या, घरात दिली, तर नातवंडं कुठे मोजायची ते चेहऱ्यावरून किंवा रक्तावरून नाही, घरातल्या चालीरीतींवरून ठरायचं.

आणि आपण मराठी माणसं या धंद्यात फक्त बघे नव्हतो. कोकणातले बेने इस्राएल, शनिवार तेली म्हणून ओळखले गेलेले, मराठी बोलणारे ज्यू. पुण्यात रास्ता पेठेत त्यांचं प्रार्थनास्थळ आहे. त्यांच्यात जुन्या काळी 'गोरे' आणि 'काळे' असे भेद होते. याचा कातडीच्या रंगाशी काही संबंध नव्हता. ज्यांच्या कुळात कधीतरी बाहेरची बाई आली असं मानलं जाई ते काळे, आणि गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. पुढे हे लोक इस्राएलला गेले. १९६२ च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनी फतवा काढला की बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा, मध्ये कुणी परकं मिसळलं असेल. जो संशय 'काळ्यां'वर घेतला जात होता, तो सगळ्या समाजावर आला. त्यांनी निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांना सर्व बाबतींत पूर्ण ज्यू म्हणून मान्यता दिली. शुद्धतेची मोजपट्टी एकदा मान्य केली की ती दुसऱ्याच्या हातात कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी आजींना 'मराठीच लिहा' या हट्टापासून थांबवते आहे. त्यांचं प्रेम मला दिसतं. पण नात 'आपलीच' आहे असं म्हणताना तिच्या बापाचा अर्धा भाग बाजूला सारला जातो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला हे समजतं.

पुण्याबद्दलही बोलायला हवं. इथे आफ्रिकी विद्यार्थ्यांना भाड्याने खोली मिळताना काय त्रास होतो हे मी माझ्याच विद्यार्थ्यांकडून ऐकत आले आहे. तुमच्या मुलीचे केस न विचारता हाताळले जातात, "उन्हात खेळू देऊ नका" हा सल्ला दिला जातो. "ही कुठली?" या प्रश्नावर मुलीला एक ठरलेलं उत्तर शिकवा, तेही तिच्याच शब्दांत. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने "मी कोथरूडची, आई इथली, बाबा केनियाचे, अजून काही?" असं ठरवलं होतं. शेवटचे दोन शब्द तिला फार आवडायचे. आणि केसांना हात लावणाऱ्या मावशीला मुलीसमोरच "विचारल्याशिवाय नको" म्हणा. मुलीला हे बोलायला तुमच्याकडूनच शिकायचं आहे. अटलांटाला केसांची अडचण उलट कमी होईल, तिथल्या आत्या आणि आजी ते काम तुमच्यापेक्षा चांगलं करतील. ते त्यांच्यावर सोपवा.

चौदा-पंधराव्या वर्षी ती कदाचित म्हणेल, मी ब्लॅक आहे, बस. किंवा काही काळ फक्त मराठी मैत्रिणींतच रमेल. दोन्ही वेळा घरातल्या कुणाला तरी लागेल. ते मनाला लावून घेऊ नका, आणि तिला पालकांमधून निवड करायला लावणारं वाक्य तोंडून जाऊ देऊ नका. मराठी बोलणं मात्र सोडू नका. डीएनएची चाचणी घरपोच येते, तिचा हट्ट धरला तर करा. पण टक्केवारी ही त्या कंपनीकडच्या नमुन्यांशी केलेली तुलना असते, नमुने बदलले की आकडेही बदलतात, हे आधीच सांगून ठेवा.

राहिला फॉर्म. अमेरिकी शाळांत एकापेक्षा जास्त खुणा करता येतात. दोन खुणा केल्यात की केंद्राकडे जाणाऱ्या आकडेवारीत मुलगी 'दोन किंवा अधिक वंश' या एकाच गटात जाते, ब्लॅकमध्येही नाही आणि एशियनमध्येही नाही. यजमानांचा आक्षेप यावर असू शकतो आणि तो गैर नाही. शाळेतल्या कृष्णवर्णीय मुलांची संख्या कमी दिसली तर त्यांच्यासाठीच्या मागण्याही कमजोर होतात. मी तरीही दोन खुणा म्हणते, कारण हा कागद पुढेमागे मुलीच्या हाती पडेल आणि त्यात तिला दोघंही सापडले पाहिजेत. २०२० च्या तिथल्या जनगणनेत एकापेक्षा जास्त वंश सांगणारे १०.२ टक्के निघाले, २०१० मध्ये २.९ टक्के होते. यातली मोठी वाढ प्रश्न विचारण्याची आणि उत्तरं नोंदवण्याची पद्धत बदलल्याने झाली. म्हणजे तिच्यासारखी मुलं तिथे आधीही होती.

एक गोष्ट मात्र करू नका, रकाना वैतागून कोरा सोडू नका. पालकांनी उत्तर दिलं नाही तर तिथल्या नियमाप्रमाणे शाळेतला कर्मचारी मुलीकडे बघून स्वतःच्या नजरेने तो भरतो. फॉर्म तुम्ही दोघांनी मिळून भरा, तिला शेजारी बसवून, आणि काय लिहिताय ते तिला वाचून दाखवा. नंतर मत बदललं तर शाळेच्या कार्यालयात सांगून नोंद बदलून घ्या.